सोल्डरिंगचं तापमान नेमकं किती ठेवायचं?



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर दोघं-तिघं थांबले होते. 'सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. मग या वयात घरी सोल्डरिंगचं खूळ कुठून आलं?' असं त्यांनी विचारलं. खूळ जुनंच आहे, पण आजचं व्याख्यान माझ्या एका चुकीतून निघालेलं आहे. ती आधी सांगतो.

आमच्या शेजारी नववीतला एक मुलगा आहे. पाण्याची टाकी भरली की भोंगा वाजवणारं छोटं सर्किट तो तयार करत होता. त्यानं मला विचारलं, 'आजोबा, आयर्नचं तापमान किती ठेवू?' मी वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर न करता म्हटलं, 'साडेतीनशे.' तो गेला. चार दिवसांनी तो बोर्ड घेऊन आला. दोन ठिकाणी तांब्याचा पॅड उखडलेला होता आणि जाड वायरच्या ठिकाणी सोल्डरचा गोळा नुसता वर बसलेला होता, चिकटलाच नव्हता. तो म्हणाला, 'आजोबा, तापमान साडेतीनशेच ठेवलं होतं. माझा हातच वाईट आहे.'

ते वाक्य मला लागलं. त्याचा हात वाईट नव्हता, माझं उत्तर वाईट होतं. कारण न सांगता मी त्याला आकडा दिला. मग आकडा चुकला तेव्हा त्यानं आकड्याला दोष दिला नाही, स्वतःला दिला. चाळीस वर्षं शिकवल्यावर माणसाला एवढं कळायला हवं होतं. तेव्हा आज तो आकडा कारणांसकट सांगतो.

पैठणच्या मातीतलं कथील आणि शिसं

सोल्डर म्हणजे काय? आपल्याकडे याला झाळणं, डाख देणं असे जुने शब्द आहेत. दोन धातू न वितळवता, तिसरा लवकर वितळणारा धातू मध्ये घालून ते जोडायचे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हा तिसरा धातू अनेकदा कथील आणि शिसं यांचं मिश्रण असतो.

पैठणकरांना हे दोन्ही धातू नवे नाहीत. सातवाहन राजांनी चांदी, तांबं आणि पोटीनबरोबर शिशाचीही नाणी पाडली. 'पेरिप्लस' नावाचं इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ग्रीक प्रवासवर्णन आहे. त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबं, कथील आणि शिसं ही तिन्ही नावं आहेत. त्याच ग्रंथात पैठणचाही उल्लेख आहे: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचं गाव, जिथून गोमेदासारखे दगड बंदराकडे जातात. म्हणजे आपल्या सोल्डरच्या तारेतले दोन्ही धातू आणि आपलं गाव, दोन हजार वर्षांपूर्वी एकाच पुस्तकात आहेत.

आता गंमत बघा. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. शुद्ध शिसं ३२७ अंशांना. मग दोन्ही मिसळले तर मिश्रण कुठेतरी मध्ये, २७०-२८० ला वितळेल, असं वाटतं ना? तसं होत नाही. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं घेतलं, तर मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं. दोघांच्याही खाली! शिवाय ते एका क्षणी घट्ट असतं आणि दुसऱ्या क्षणी पातळ, मध्ये लापशीसारखी अवस्थाच नाही. बाजारात ६०-४० ची तारही मिळते. ती १८३ ला मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होते. मधल्या त्या सहा-सात अंशांत जोड हलला तर तो आतून भेगाळतो. म्हणून नवशिक्यानं शक्य असेल तर ६३-३७ ची तार घ्यावी.

शिसं नसलेली तारही मिळते. युरोपीय संघानं १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले आणि जगभरच्या कारखान्यांना वळण बदलावं लागलं. कथील, तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं हे त्यातलं रूढ मिश्रण. ते २१७ ते २२० अंशांना वितळतं. नुसतं कथील-तांबं घेतलं तर २२७.

म्हणून पहिला नियम असा, की तापमान विचारण्याआधी हातातल्या तारेच्या रिळावर काय लिहिलंय ते वाचा.

१८३ ला वितळतं, मग ३५० कशाला?

हा प्रश्न त्या मुलानं नंतर मला विचारला, आणि फार चांगला प्रश्न आहे तो. उत्तरासाठी तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानं हा भेद नीट मांडला. त्याआधी मोठमोठी माणसंसुद्धा इथे गोंधळत होती, त्यामुळे आपण गोंधळलो तर लाजायचं कारण नाही.

काडेपेटीच्या काडीची ज्योत कित्येकशे अंशांची असते, पण एका काडीवर कपभर चहा होत नाही. उलट बंबातलं पाणी साठ-सत्तर अंशांचंच असतं, पण त्यात घरभराच्या आंघोळी होतात. काडीत तापमान आहे, साठा नाही. बंबात साठा आहे.

आयर्नचं टोक, ज्याला आपण बिट म्हणतो, जोडाला टेकवलं की उष्णता बिटमधून पॅडमध्ये, पॅडमधून पार्टच्या पायात आणि तांब्याच्या पट्टीतून पुढे वाहून जाते. जोड सोल्डरच्या वितळणबिंदूपेक्षा साधारण चाळीस-पन्नास अंश वर जायला हवा, म्हणजे शिशाच्या तारेसाठी २३० च्या आसपास. आणि हे दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं. उष्णता वेगानं वाहायची असेल तर दोन टोकांमध्ये उतार लागतो, पाण्यासारखाच. बिट ३३० ला आणि जोड २३० ला, हा तो उतार. तेव्हा डायलवरचा आकडा बिटचा आहे, जोडाचा नाही. मी त्या मुलाला बिटचं तापमान सांगितलं आणि त्याला वाटलं, जोडाचं सांगितलं.

आता त्याच्या बोर्डावर काय झालं ते कळेल. छोटा पॅड होता तिथे साडेतीनशेचं बिट त्यानं आठ-दहा सेकंद टेकवून ठेवलं. पॅड बोर्डाला ज्या राळेनं चिकटलेला असतो, ती राळ नेहमीच्या हिरव्या बोर्डात १३०-१४० अंशांनंतरच मऊ पडू लागते. दोन-तीन सेकंद ती सोसते. दहा सेकंद दाबून धरलं, की पॅड सुटतो. आणि जाड वायर होती तिथे, त्याच तापमानाच्या बारीक सुईसारख्या बिटमधून पुरेशी उष्णता जातच नव्हती. वायर ती शोषून घेत होती. एकाच बोर्डावर, एकाच आकड्यानं, एका ठिकाणी करपलं आणि एका ठिकाणी कच्चं राहिलं.

अ‍ॅरिस्टॉटल सुवर्णमध्य सांगतो तेव्हा तो गणिती मध्य नव्हे, असं बजावतो. पहिलवानाला पुरेल एवढं जेवण आणि नवशिक्याला पुरेल एवढं जेवण वेगळं असतं. छोटा पॅड आणि जाड वायर यांचं तसंच आहे.

मग आकडा काय?

आता आकडे सांगतो, कारण आकडे न सांगणं हीसुद्धा पळवाटच आहे.

शिशाची तार आणि साधा बोर्ड असेल, रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, आयसीचे पाय असतील, तर ३२० ते ३४० पासून सुरुवात करा. शिसं नसलेली तार असेल तर ३५० ते ३७०. जाड वायर, मोठा कनेक्टर, बोर्डावर तांब्याचा मोठा पसारा असेल, तर आधी रुंद बिट लावा. छिन्नीसारखं चपटं बिट सुईसारख्या टोकापेक्षा कितीतरी जास्त उष्णता देतं, कारण स्पर्शाचं क्षेत्र मोठं. तेवढ्यानं भागलं नाही तरच वीस-तीस अंश वाढवा. आपण सगळे याच्या उलट करतो. जोड होत नाही म्हटलं की पहिला हात डायलकडे जातो.

४०० च्या वर जायचा मोह टाळा. तिथे तारेच्या पोटातली राळ, जी फ्लक्सचं काम करते, ती काम करण्याआधीच जळते. बिट काळं पडतं. काळ्या बिटमधून उष्णता नीट जात नाही, म्हणून आपण आणखी वाढवतो, मग ते आणखी काळं पडतं. हे दुष्टचक्र एकदा सुरू झालं की नवं बिट घेण्यावाचून इलाज उरत नाही.

वेळेचा नियमही लक्षात ठेवा. दोन ते तीन सेकंद. पाच सेकंदांत जोड झाला नाही तर आयर्न उचला, जागा गार होऊ द्या आणि विचार करा, बिट स्वच्छ आहे का, पॅड काळा पडलाय का, बिट फार बारीक आहे का? दाब देऊन काही होत नाही. दाबानं उष्णता वाढत नाही, फक्त पॅड उखडतो.

ज्यांच्याकडे डायलच नाही

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे साधं पंचवीस वॉटचं आयर्न असेल, थेट प्लगात घालायचं. त्याला आकडाच नाही. त्याचं तापमान कोण ठरवतं? आत येणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता जिथे समान होतात, तिथे ते थांबतं. म्हणून ते परिस्थितीप्रमाणे बदलतं.

आपल्या भागात व्होल्टेज पडतं, हे वेगळं सांगायला नको. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला २५ वॉट देणारं आयर्न १९० व्होल्टला साधारण १७ वॉटच देतं. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गेलं. संध्याकाळी जोड कच्चे येत असतील तर हाताला दोष देण्याआधी मीटर लावून व्होल्टेज बघा. उलट २५० व्होल्ट आले, तर तेच आयर्न साडेएकोणतीस वॉट देतं आणि बिट करपतं. मे महिन्यात खोली बेचाळीस अंशांवर असते, जानेवारीत पहाटे बारावर. साध्या आयर्नचं बिट जवळजवळ तेवढ्याच फरकानं वरखाली होतं. डोक्यावर पंखा फुल्ल असेल तर आणखी उतरतं.

मग मोजायचं कसं? इथे मला कल्हईवाल्याची आठवण होते. लहानपणी आमच्या गल्लीत तो भाता घेऊन यायचा. तांब्याचं पातेलं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं क्षणात सगळं पातेलं चांदीसारखं करायचा. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता. कथलाची कांडी टेकवली की ती कशी वितळते, एवढंच तो बघायचा. लवकर टेकवली तर गोळा होतो. उशीर झाला तर कथील पिवळं-काळं पडतं. सोल्डरिंगचं सगळं शास्त्र त्या पातेल्यात होतं. धातू, उष्णता, आणि पृष्ठभागावरचा गंज खाणारा पदार्थ. त्याचा नवसागर, आपली राळ.

(इथे कोणीतरी 'नाथसागर!' म्हणालं. नाही हो, नाथसागर वेगळा. तो धरणाचा. त्यात आयर्न बुडवू नका.)

एक सावधगिरी मात्र हवी. नवसागर किंवा पत्रा झाळायचं अ‍ॅसिड सर्किट बोर्डावर कधीही वापरू नका. ते मागे राहतं आणि पावसाळ्यात हळूहळू तांबं खातं. बोर्डाला फक्त राळेचा फ्लक्स.

तर कल्हईवाल्याची परीक्षा आपणही घ्यायची. बिट ओल्या स्पंजवर पुसा, तार टेकवा. तार लगेच पाझरली, पांढरा हलका धूर आला आणि राळ दोन-तीन सेकंद मधासारखी पारदर्शक राहिली, तर तापमान योग्य. राळ टेकताक्षणी तडतडून काळी झाली, तर जास्त. तार लापशीसारखी ओढली गेली, तर कमी. आमच्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. इथे अग्नी आहे हे माहीतच आहे, धुराच्या रंगावरून तो किती आहे हे ओळखायचं.

आणि तार बिटला लावून ते थेंब जोडावर नेऊ नका. राळ वाटेतच जळते. बिटनं पॅड आणि पाय दोन्ही एक सेकंद तापवा आणि तार जोडाला लावा. जोडानं तार वितळवली, तर जोडाचं तापमान योग्य आहे. डायल नसला तरी हा पुरावा खोटं बोलत नाही.

कच्चा जोड का वाईट?

करपलेला जोड निदान दिसतो तरी. कच्चा जोड आज चालतो. घट्ट जोडात कथील आणि तांबं मिळून एक अतिशय पातळ थर तयार होतो, एखाद-दोन मायक्रॉनचा. खरी पकड तिथे असते. उष्णता कमी पडली की तो थर होतच नाही, सोल्डर नुसतं टेकून राहतं. मग सहा महिन्यांनी, थोडा धक्का लागला किंवा हवा दमट झाली, की संपर्क तुटतो. आणि उष्णता फार वेळ दिली तर तोच थर जाड होऊन ठिसूळ होतो.

शिशाचा चांगला जोड चकचकीत आणि कडांना अंतर्वक्र, उतरत्या डोंगरपायथ्यासारखा दिसतो. गोळा दिसला तर शंका घ्या. शिसं नसलेला जोड मुळातच थोडा मंद दिसतो. तो चमकत नाही म्हणून पुन्हा पुन्हा तापवू नका.

आता माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. १९७८ च्या सुमारास वडिलांचा ट्रान्झिस्टर रेडिओ खरखर करायला लागला. संध्याकाळच्या बातम्या हा त्यांचा नेम होता. मी नवा प्राध्यापक, आत्मविश्वास भरपूर. पत्र्याचे डबे झाळायचं मोठं आयर्न कुणाकडून तरी आणलं आणि त्या नाजूक तपकिरी बोर्डाला लावलं. तांब्याची पट्टी सापाच्या कातीसारखी उचलली गेली. खरखर होती, तीही गेली. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या ओट्यावर जाऊन बातम्या ऐकायला लागले. मूळ दोष काय होता, हे मला फार वर्षांनी कळलं. एक कच्चा जोड. दोन सेकंदांचं काम होतं.

दोन प्रश्न

व्याख्यानानंतर एका भगिनींनी विचारलं, 'मुलांनी शिशाचा धूर घेतला तर?' योग्य काळजी आहे. शिसं १७०० अंशांच्याही वर उकळतं, त्यामुळे सोल्डरिंगच्या तापमानाला त्याची वाफ जवळजवळ होत नाही. जो धूर दिसतो तो राळेचा. पण तोही निरुपद्रवी नाही, त्यानं दम्याचा त्रास होऊ शकतो. खिडकी उघडी ठेवा, छोटा पंखा धूर बाजूला ओढेल असा लावा, जोडावर वारा येईल असा नको. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. म्हणून सोल्डरिंग करताना खाणं-पिणं नाही, तार दातात धरायची नाही, आणि उठल्यावर साबणानं हात धुवायचे. जेवायच्या टेबलावर हे काम करू नका. लहान मुलं बसणार असतील तर शिसं नसलेली तारच घ्या. तापमान थोडं जास्त लागेल, हात थोडा जास्त बसवावा लागेल, पण ती किंमत द्यावी.

मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणानं विचारलं, 'बिस्मथची तार १३८ अंशांना वितळते. मग तीच का नको वापरू?' नाजूक जागी वापरा. पण ती ठिसूळ असते, मोबाइल पडतो तेव्हा जोड तडकू शकतो. आणि जुन्या बोर्डावर शिसं असेल तर तिथे ती मुळीच नको. बिस्मथ, शिसं आणि कथील एकत्र आले की शंभर अंशांच्याही खाली, ९६ अंशांना वितळणारं मिश्रण तयार होऊ शकतं. तापणाऱ्या पार्टजवळ तो जोड आपोआप सुटेल, आणि गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याच दारात येईल.

शेजारच्या मुलाचं काय झालं ते सांगून थांबतो. आम्ही दोघं बसलो. उखडलेल्या पॅडच्या जागी बारीक तारेचा पूल घातला, चपटं बिट लावलं, डायल ३३० वर. त्यानं जोड केला, मी फक्त सेकंद मोजले. जाड वायरच्या वेळी तो डायलकडे हात नेऊ लागला आणि थांबला. म्हणाला, 'आधी बिट बदलतो.' मी काही बोललो नाही. टाकी भरली तेव्हा भोंगा वाजला, आणि तो एवढ्या मोठ्यानं वाजला की खालच्या मजल्यावरच्या आजी काठी घेऊन वर आल्या.

पुढच्या वेळी येताना तुमचा एखादा बिघडलेला जोड घेऊन या. चांगला नको. बिघडलेलाच आणा.